आल्पाइन चढाईसाठी हलकी फोमची मॅट कशी निवडावी

मुंब्र्याच्या कातळावर आणि माहुलीच्या सुळक्यांवर रोप हाताळायला शिकलेले ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक जण पुढच्या टप्प्यावर हिमालयाकडे वळतात. बूट, जॅकेट आणि स्लीपिंग बॅग यांच्याविषयी ते महिनोन्‌महिने चौकशी करतात, पण अंगाखाली अंथरायची कॅरीमॅट मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात हाताला लागेल ती घेतात. सह्याद्रीत हे खपून जाते, कारण तिथे मॅटचे काम मुख्यतः दगडांचे टोचणे कमी करण्याचे असते. पाच हजार मीटरवर बर्फात रात्र काढायची असेल, तर तीच मॅट अंगातील उष्णता राखण्याच्या व्यवस्थेचा अर्धा भाग होते. अशा चढाईची पहिली तयारी करणाऱ्यांनी हलकी फोमची मॅट कशी पारखावी, कशी कापावी आणि घरच्या घरी कशी तपासावी, हे या लेखात क्रमाने दिले आहे.

मॅट नेमके काय करते

स्लीपिंग बॅगमधील पिसे किंवा कृत्रिम तंतू स्वतः ऊब देत नाहीत. त्यांच्यात अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अंगाखालचा थर वजनाने दबला की त्यातील हवा निघून जाते आणि महागड्या बॅगेचाही खालचा भाग जवळजवळ निकामी होतो. मग अंग आणि बर्फ यांच्यामध्ये खऱ्या अर्थाने उरते ती मॅट.

मॅटच्या या रोधकतेला आर व्हॅल्यू म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकी उष्णता कमी निसटते. अंदाज येण्यासाठी एक ढोबळ हिशेब करून पाहावा. अंगाचा सुमारे ०.४ चौरस मीटर भाग मॅटला टेकलेला आहे आणि अंग व बर्फ यांच्या तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक आहे, असे धरले आणि कपडे व बॅगेचा दबलेला थर विचारात घेतला नाही, तर आर १ च्या मॅटमधून सुमारे ६८ वॉट, आर २ मधून ३४ वॉट आणि आर ४ मधून १७ वॉट इतकी उष्णता जमिनीत जाते. झोपलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण ७० ते ८० वॉट उष्णता निर्माण करते. म्हणजे आर १ च्या मॅटवर शरीराची बहुतेक सगळी कमाई खालच्या बर्फालाच जाऊ शकते. आर १ वरून २ वर गेल्याने जो फायदा होतो, तो २ वरून ४ वर गेल्याने मिळणाऱ्या फायद्याच्या दुप्पट आहे, हेही या आकड्यांवरून दिसते. म्हणून अगदी पातळ मॅट नेऊन वाचवलेले शे-दीडशे ग्रॅम मला कधीच पटलेले नाहीत.

पहिली पायरी: रात्र कोणती, ते आधी ठरवा

दुकानात जाण्यापूर्वी आपण कोणत्या जागी झोपणार आहोत, ते कागदावर लिहून काढावे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था यांच्यासारख्या ठिकाणी प्राथमिक प्रशिक्षणाला जाणार असाल, तर बरेचसे साहित्य संस्थेकडूनच मिळते. त्यामुळे संस्थेची यादी हाती येईपर्यंत मॅटवर खर्च करू नये. मनालीजवळच्या ५,२८९ मीटर उंचीच्या फ्रेंडशिप शिखरासारख्या मोहिमेत तंबू असतो, पण हाय कॅम्प, म्हणजे शिखराआधीचा वरचा तळ, बहुधा बर्फावर लागतो. तिथे एक-दोन रात्री काढायच्या असतात आणि पहाटेच्या अंधारात चढाईला निघायचे असते, त्यामुळे त्या आधीच्या काही तासांच्या विश्रांतीला मोठी किंमत असते. तिसरा प्रकार खऱ्या आल्पाइन शैलीचा आहे. यात सगळे सामान पाठीवर घेऊन दोघे-तिघे चढत जातात आणि वाटेत एखाद्या लेजवर, म्हणजे कातळातील अरुंद पट्टीवर, बिव्हॅक, म्हणजे तंबूशिवाय उघड्यावर मुक्काम, करतात. या तिन्ही रात्रींसाठी लागणारी मॅट वेगवेगळी असते.

बेस कॅम्पचा विचार यात मिसळू नये. तिथवर सामान खेचराच्या पाठीवर जाते, तेव्हा तिथे जाडजूड मॅट न्यायला हरकत नाही. इथे विचार करायचा आहे तो बेस कॅम्पच्या वर स्वतःच्या पाठीवर चढणाऱ्या मॅटचा.

दुसरी पायरी: हवेची मॅट की फोमची

फुगवायच्या मॅट फोमपेक्षा उबदार आणि मऊ असतात आणि घडी केली की मुठीत मावतात. त्यांचे दोन दोष मात्र गंभीर आहेत. बुटाखाली बांधायच्या क्रॅम्पॉनचा दात, बर्फात फिरवून बसवायच्या आइस स्क्रूचे टोक किंवा लेजवरची दगडाची कड लागली की हवा जाते आणि मध्यरात्री, हातमोजे घालून, भोक शोधणे बहुतेकदा अशक्य असते. दमलेल्या अवस्थेत, वारा वाहत असताना मॅट फुगवत बसणे हेही सोपे काम नाही.

फोमची मॅट फुटत नाही. ती फाटली तरी दोन तुकडे तेवढीच ऊब देतात. चढाईत थांबल्यावर ती क्षणात काढून बुडाखाली घेता येते, बिलेच्या जागी, म्हणजे साथीदाराचा रोप सांभाळत थांबायच्या जागी, तिच्यावर उभे राहून पाय गारठण्यापासून वाचवता येतात आणि अपघात झालाच, तर मोडलेल्या पायाभोवती गुंडाळून, चिकटपट्टी लावून तिचा आधारही करता येतो. आल्पाइन चढाईसाठी नवख्या माणसाची पहिली मॅट फोमचीच असावी, असे माझे ठाम मत आहे. पुढे बर्फावर लागोपाठ रात्री काढायच्या झाल्या, तर तिच्या जोडीला हवेची मॅट घेता येते, कारण एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या आर व्हॅल्यूंची बेरीज होते. आर २ ची फोम आणि आर ३ ची हवेची मॅट मिळून सुमारे आर ५ होतो आणि फोम खाली ठेवला, तर हवेच्या मॅटला संरक्षणही मिळते.

तिसरी पायरी: फोम ओळखा

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच आहे: फोम क्लोज्ड सेल आहे का? अशा फोममध्ये हवेचा प्रत्येक बुडबुडा स्वतंत्रपणे बंद असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. गादीच्या दुकानात मिळणारा स्पंज ओपन सेल असतो. तो पाणी शोषतो, दाबला की सपाट होतो आणि बर्फावर काहीच कामाचा नसतो. परीक्षा सोपी आहे. एक छोटा तुकडा वजनाखाली रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा आणि सकाळी पुसून तोलावा. वजन वाढले असेल, तर तो फोम सोडून द्यावा.

क्लोज्ड सेल फोममध्येही प्रकार आहेत. टीव्ही आणि फ्रिजच्या खोक्यांत येणारा पांढरा ईपीई फोम फार हलका आणि स्वस्त असतो, पण वारंवार दाबला की त्याच्या पेशी बसतात आणि जाडी परत येत नाही. बाजारातील अगदी स्वस्त मॅट बऱ्याचदा याच फोमच्या असतात. त्याहून चांगला पर्याय म्हणजे क्रॉस-लिंक्ड पॉलिइथिलीन, ज्याला व्यापारी एक्सएलपीई म्हणतात. त्याच्या पेशी बारीक असतात, पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि दाब काढला की तो पुन्हा उठतो. ईव्हीए फोम अधिक लवचिक असतो, तुटत नाही आणि गारठ्यातही सहज गुंडाळता येतो. चांगल्या प्रतीच्या चढाईच्या मॅट एक्सएलपीई किंवा ईव्हीए यांपैकी एका फोमच्या असतात.

योगासनांची मॅट मात्र वापरू नये. ती पीव्हीसी किंवा रबराची असते, वजन बहुधा एक किलोच्या आसपास भरते आणि पाच-सहा मिलिमीटर जाडीत ऊब नाममात्र मिळते. मुलांच्या खोलीत अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या ईव्हीए चौकोनांची घनताही जास्त असल्यामुळे ते विनाकारण जड पडतात.

पत्र्याच्या शेडखाली उष्णता अडवण्यासाठी लावतात तो, एका बाजूस चंदेरी थर असलेला फोम बहुधा एक्सएलपीईचाच असतो. वागळे इस्टेट किंवा तुर्भे–महापे पट्ट्यात ज्यांची उठबस आहे, त्यांनी इन्सुलेशनच्या विक्रेत्याकडे दहा मिलिमीटर जाडीचा दोन मीटरचा तुकडा मिळतो का, हे विचारून पाहावे. सरावासाठी आणि कापून बघण्यासाठी असा तुकडा उत्तम असतो. चंदेरी थराकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. परावर्तन उपयोगी पडण्यासाठी पृष्ठभागासमोर हवेची पोकळी लागते आणि अंग घट्ट टेकलेल्या ठिकाणी ती नसते. खाचाखोचांच्या मॅटवर थोडी पोकळी राहते, म्हणून तिथे थोडा फायदा दिसतो: थर्मारेस्ट कंपनीच्या झेड लाइट या घडीच्या मॅटची आर व्हॅल्यू साध्या प्रकारात १.७, तर चंदेरी थराच्या सोल प्रकारात २.० आहे. अशी मॅट चंदेरी बाजू वर करून अंथरावी.

चौथी पायरी: आकडे वाचा, आणि नसतील तर स्वतः काढा

मॅटची आर व्हॅल्यू मोजण्याची एकसारखी पद्धत एएसटीएम या संस्थेच्या एफ ३३४० या मानकाने २०१८ मध्ये ठरवली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजत असल्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नव्हता. वेष्टनावर या मानकाचा उल्लेख असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवावा. ‘उणे दहा अंशांपर्यंत चालते’ असे नुसतेच लिहिले असेल, तर तो आकडा निवडीचा आधार म्हणून धरू नये. त्यात कोणती बॅग, कोणते कपडे आणि कोणता माणूस गृहीत धरला आहे, हे कळत नाही.

आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ मॅटवर कोणताच आकडा नसतो. अशा वेळी जाडीवरून अंदाज बांधता येतो. चांगल्या, सपाट क्लोज्ड सेल फोमच्या एक सेंटिमीटर जाडीला साधारण दीडच्या आसपास आर व्हॅल्यू मिळते. खाचाखोचांच्या मॅटची जाडी दोन सेंटिमीटर सांगितली जात असली, तरी ती उंचवट्यांच्या टोकापर्यंतची असते, हे तुलना करताना विसरू नये.

वजनासाठी साधे सूत्र आहे. लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा, त्याला किलो प्रति घनमीटरमधील घनतेने गुणावे आणि १००० ने भागावे; उत्तर ग्रॅममध्ये येते. १८० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर जाड मॅट ३० घनतेच्या फोमची असेल, तर ती २७० ग्रॅम भरते. तीच १२० सेंटिमीटरवर कापली, तर १८० ग्रॅम. वर उल्लेख केलेल्या झेड लाइट सोल मॅटचे पूर्ण लांबीत वजन सुमारे ४१० ग्रॅम आहे. तुलनेसाठी हा आकडा लक्षात ठेवावा. दुकानदाराला घनता माहीत नसेल, तर खिशातला छोटा तराजू आणि मोजपट्टी वापरून हेच सूत्र उलटे लावावे. घनता २५ च्या खाली निघाली, तर मॅट लवकर बसण्याची शक्यता जास्त असते.

पाचवी पायरी: गुंडाळायची की घडीची

घडीची मॅट पटकन उलगडते, सपाट राहते आणि सॅकच्या पाठीकडील बाजूस बसवता येते. तिच्या खाचांत मात्र बर्फाचा भुगा भरतो आणि तो झटकून काढावा लागतो. सपाट, गुंडाळायच्या मॅटवरचा बर्फ एका हाताने पुसून निघतो, ती कापायला सोपी असते आणि सहसा स्वस्तही पडते. एक-दोन रात्रींच्या बिव्हॅकसाठी मी सपाट मॅट सुचवेन. तंबूतल्या मुक्कामांसाठी घडीची सोयीची आहे. रंग भडक घ्यावा, कारण पिवळी किंवा नारिंगी मॅट दुरून दिसते आणि संकटात खूण म्हणून वापरता येते.

सहावी पायरी: मॅट अंगाच्या मापाने कापा

नवोदितांचा हात इथे कचरतो, कारण नवी मॅट कापणे जिवावर येते. तरीही आल्पाइन चढाईसाठी पूर्ण लांबीची मॅट क्वचितच आवश्यक असते. जास्त उष्णता जाते ती खांदे, पाठ आणि कंबर यांच्याखालून. पायांखाली रिकामी केलेली सॅक आणि तिच्याखाली पसरलेला रोप पुरतो. रोप ओला असेल, तर सॅक आणि पाय यांच्यामध्ये प्लास्टिकचा थर घ्यावा. बूट आत घेऊन त्यांची उशी करता येते, त्यामुळे डोक्याखालीही मॅट लागत नाही.

माप घेण्यासाठी जमिनीवर पाठ टेकून झोपावे आणि दुसऱ्या व्यक्तीला खांद्याच्या वरच्या कडेला आणि मांडीच्या मध्यावर खडूने खुणा करायला सांगाव्यात. मध्यम उंचीच्या माणसाला ही लांबी साधारण ७० ते ८० सेंटिमीटर भरते. त्यात झोपेतील सरकण्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर मिळवावेत. कुशीवर झोपण्याची सवय असेल, तर त्याच स्थितीतही माप घेऊन पाहावे आणि जाडी थोडी वाढवावी, कारण कुशीवर सगळा दाब कमरेच्या हाडाखाली येतो. रुंदी ५० सेंटिमीटर ठेवावी. बारीक चणीच्या व्यक्तीला ४५ पुरतात, पण त्याहून कमी केल्यास रात्रभर हात बर्फावर पडत राहतात.

कापण्यासाठी जुन्या पुठ्ठ्यावर मॅट पसरावी, पोलादी पट्टी धरावी आणि धारदार कटर हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवावा. एकाच जोरकस फटक्यात कापायला गेल्यास कड वाकडी येते. कोपरे गोल करावेत, कारण टोकदार कोपरे सॅकमध्ये घालताना दुमडून फाटतात. एका कोपऱ्याजवळ दोन्ही बाजूंनी डक्ट टेप लावून त्यातून भोक पाडावे आणि दोन-तीन मिलिमीटरच्या दोरीचा फास ओवावा. हा फास रिकामटेकडा वाटला, तरी वगळू नये: लेजवर मॅट काढताक्षणी ती वाऱ्याने उडून दरीत जाऊ शकते आणि मग उरलेली रात्र उघड्या दगडावर काढावी लागते. फास आधी अँकरला, म्हणजे कातळात किंवा बर्फात रोवलेल्या आधाराला, अडकवावा आणि त्यानंतरच मॅट बाहेर ओढावी, हा क्रम घरी सराव करून हाताला लावून घ्यावा.

उरलेला तुकडा टाकू नये. ३० बाय ३५ सेंटिमीटरची बैठक कापावी. रात्री ती कमरेखाली दुसरा थर म्हणून जाते. वीतभर रुंदीचा आणखी एक चौकोन गॅसच्या डब्याखाली ठेवला, तर डबा बर्फात खचत नाही. फोम पेट घेणारा आहे, तेव्हा ज्योत आणि बर्नरचे गरम भाग यांपासून तो दूर राहील असेच मांडावे.

सातवी पायरी: ठाण्यातच बर्फावर तपासा

आपल्याकडे हिवाळ्यातही रात्री उबदार असल्यामुळे मॅटची परीक्षा होत नाही, असा समज आहे. बर्फाची लादी मात्र आपल्याकडे सहज मिळते आणि वितळणाऱ्या बर्फाचे तापमान शून्य अंश असते, म्हणजे वसंतातल्या ओलसर हिमाइतकेच. मासळी बाजाराजवळच्या बर्फवाल्याकडून अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून आणावी, न्हाणीघरात किंवा गच्चीवर ठेवावी, तिच्यावर पातळ प्लास्टिक आणि मग मॅटचा तुकडा अंथरावा आणि ट्रेकच्या पँटमध्ये अर्धा तास बसून राहावे. पाच मिनिटांत थंडी जाणवू लागली, तर ती मॅट एकटी नेण्याजोगी नाही. अर्ध्या तासानंतर नुसता गारवा जाणवत असेल आणि तो सहन होत असेल, तर दोन थर करून किंवा उन्हाळी मोहिमेत ती चालेल. दोन मॅटची तुलना करायची असेल, तर कपडे, वेळ आणि माणूस तोच ठेवावा. हाय कॅम्पवरचे हिम शून्याच्या बरेच खाली असू शकते, म्हणून या परीक्षेत काठावर उत्तीर्ण झालेली मॅट नापास समजावी.

फोम बसतो का, हेही घरीच कळते. तुकड्याची जाडी मोजावी, त्यावर पाण्याने भरलेला २० लिटरचा जार रात्रभर ठेवावा आणि सकाळी जार काढून तासाभराने पुन्हा मोजावे. जाराचा दाब झोपलेल्या माणसाच्या कमरेखालच्या दाबाच्या जवळपास जातो. दहा मिलिमीटरचा फोम नऊपर्यंत परत आला, तर ठीक. सात-आठवरच राहिला, तर एका मोहिमेतच त्याची ऊब बरीच घटेल.

यानंतर दोन-तीन रात्री घरच्या फरशीवर, गादीशिवाय, कापलेल्या मॅटवर आणि पायांखाली सॅक घेऊन झोपावे. पाठीला सवय लागायला वेळ लागतो आणि हाय कॅम्पवरची पहिली रात्र ही त्यासाठी योग्य वेळ नाही. डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या पठारावर मुक्काम केला, तर वारा, दव आणि ओबडधोबड जमीन यांचाही अनुभव मिळतो.

सॅकमध्ये बसवणे आणि प्रवास

मॅट सॅकच्या बाहेर बांधण्याची आपली सवय चढाईत घातक ठरते. चिमणीसारख्या अरुंद भेगेत ती अडकते, रोपमध्ये गुंतते आणि कातळाला घासून फाटते. ठाण्याहून गर्दीच्या लोकलने कल्याण गाठताना होणारे हालही वेगळे नकोत. सपाट मॅट सॅकच्या आत नळीसारखी उभी उलगडावी आणि तिच्या पोकळीत बाकी सामान भरावे. यामुळे सॅकला आकार येतो आणि कठीण वस्तू पाठीला टोचत नाहीत. चढाईच्या अनेक सॅकमध्ये पाठीमागची फ्रेमची शीट काढता येते. ती काढून त्या जागी तीन पदरी घडी केलेली मॅट घातली, तर शीटचे वजन वाचते, पण अशी सॅक भरून घोडबंदरच्या एखाद्या उंच इमारतीचे जिने काही वेळा चढून पाहावेत, कारण घडी कमरेवर नीट बसली नाही, तर ओझे खांद्यांवर येते.

तंबूत अंथरताना गुळगुळीत मॅट उतारावर सरकते. खालच्या बाजूस सिलिकॉन सीलंटचे काही ठिपके देऊन वाळवले, तर सरकणे बरेच कमी होते.

निगा आणि बदलण्याची वेळ

मोहिमेवरून आल्यावर मॅट साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवावी. मे महिन्यात बंद गाडीत ती ठेवू नये, कारण जास्त उष्णतेने फोम आकसतो आणि वाकडा होतो. पट्ट्यांनी आवळून माळ्यावर टाकल्यास पेशी कायमच्या दबतात, म्हणून पलंगाखाली सपाट पसरून ठेवावी. पावसाळ्यातल्या दमट हवेत फोम कुजत नसला, तरी धूळ आणि घाम राहिलेल्या भागावर बुरशी येते, तेव्हा श्रावण सरला की एकदा बाहेर काढून पुसावी.

खरेदीच्या दिवशी कडेला बारीक पेनाने मूळ जाडी लिहून ठेवावी आणि प्रत्येक हंगामाआधी कमरेखालच्या भागात पुन्हा मोजावे. जाडी एक पंचमांशाने कमी झाली की ती मॅट सह्याद्रीच्या ट्रेकसाठी ठेवावी आणि बर्फासाठी नवी घ्यावी.